म्हाताऱ्या कांगासची ब्युइक

"बाबा, उतरा खाली."

"मी काय तुझ्या डोक्यावर बसलोय? बघ की तुझं तू."

"मालक सीटवर असताना मी गाडी बघत नाही."

"मग नको बघूस. बोलावलंय कुणी?"

कार्ल कांगासने दारावरचा हात काढला नाही. आत, बाकासारख्या सलग पुढच्या सीटवर, त्याचे वडील वेनो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. इंजिन बंद होतं. किल्ली कोटाच्या खिशात होती आणि खिशावर कोपर दाबलेलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस आपल्याच अंगणात, उभ्या गाडीत बसून, समोरच्या बर्चच्या झाडांकडे ती रस्त्यात आडवी आल्यासारखा बघत होता.

बोलावलं होतं बहिणीने. रविवारपासून एलेनचा रोज फोन येत होता आणि रोज तेच ऐकवत होता: "किंमत काढ, वीक, भंगारात दे, काहीही कर. पण ती गाडी त्यांच्या दारातून हलव."

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या मागच्या दाराशी बायकांनी टेबल मांडलं होतं. छपराच्या दुरुस्तीसाठी त्या दर शरदात पेस्ट्या विकतात: मांस, बटाटे आणि सलगम भरलेल्या, तळहाताहून मोठ्या करंज्या. टेबलामागच्या खुर्चीवर इंपी हिल्टुनेन बसली होती. ती कॉफीचं भांडं आणायला आत गेली आणि वरच्या वळणावरून वेनो कांगासची लांबलचक ब्युइक उतारावर आली. आली ती थांबलीच नाही. टेबल खाली गेलं, पेस्ट्या चाकाखाली गेल्या आणि इंपीची खुर्ची भिंत आणि बंपर यांच्यामध्ये चपटी झाली.

सगळ्यांचं एकमत झालं. पाय चुकला. ब्रेकऐवजी दुसरं पॅडल दाबलं. या वयात होतं असं. वेनोंनी एकच वाक्य म्हटलं, "मी ब्रेक दाबला होता." शेरीफच्या माणसाने ते मान हलवत लिहून घेतलं आणि लहान मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दिवा फुटला होता, बंपर चाकाला घासत होता, म्हणून गाडी ओढून घरी आणली. आता परवान्याची परीक्षा पुन्हा द्यायला सरकारी पत्र येणार होतं. ते येण्याआधी किल्ली काढून घ्यायची, हे एलेन आणि तिच्या नवऱ्याने ठरवलं होतं.

कार्लचंही मत तेच होतं. त्याने तर रविवारी रात्री फोनवर वडिलांना विचारलं होतं, "इंपी आत गेली नसती तर आज तुम्ही कुठे असता, माहीत आहे का?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला होता. तेव्हापासून कार्लच्या डोक्यात राग होता, आणि इथे येईपर्यंतच्या रस्त्यात तो वाढतच आला होता.

"उतरा म्हणतोय ना!"

वेनो उतरले. आधी एक पाय, मग दाराला धरून दुसरा. आधाराला पुढे आलेला मुलाचा हात त्यांनी कोपराने बाजूला सारला.

कार्ल जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे किंमत ठरवण्याचं काम करत होता. उमेदीचं सगळं वय त्याचं त्यातच गेलं होतं. लोक गाडी आणत, सोबत गोष्टी आणत: फक्त चर्चला जाण्यापुरती चालवली, आईची होती, कधी पावसात काढली नाही. कार्ल मान हलवायचा आणि गाडीभोवती एक फेरी मारायचा. पॅडलवरचं रबर कुठे झिजलंय, दाराची फट वर आणि खाली सारखी आहे का, पत्र्याला चुंबक चिकटतं की खाली पुट्टी आहे. फेरी संपेपर्यंत मालक काय लपवतोय ते त्याला कळलेलं असायचं. ते तो मालकाला तोंडावर सांगायचा नाही, किंमत सांगायचा.

आज तो तशीच फेरी मारत होता. मागच्या उजव्या कोपऱ्यावर थांबला.

"हा हिरवा रंग कसला?"

"टपालपेटीचा."

"पेटी चालत आली?"

"बर्फ ढकलणाऱ्यांनी गेल्या साली पुढे सरकवलीय. पोस्टमनला विचार."

"आणि हा टायर? हा कडेला का खरवडलाय?"

"बँकेसमोरचा कट्टा उंच केलाय त्यांनी."

"म्हणजे अख्खा गाव जागचा हललाय. तुम्ही तेवढे जागेवर."

वेनोंनी मुलाकडे पाहिलं. "तुझी आई असती तर असल्या बोलण्यावर तुला जेवायला दिलं नसतं."

"आई असती तर किल्ली कधीच काढून घेतली असती."

वेनो उघड्या दारातून सीटकडे बघू लागले. गाडीत सीटचं कापड दोनच ठिकाणी झिजलेलं होतं, स्टिअरिंगमागे आणि अगदी मध्यभागी. कार्लची आई खिडकीशी कधी बसली नाही. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून मध्येच बसायची. कार्लला आपण बोललो ते आवडलं नाही, आणि आवडलं नाही म्हणून तो आणखी चिडला.

गाडीखाली घुसायला पुठ्ठा हवा होता. तो आणायला तो गॅरेजमध्ये गेला. कामाच्या टेबलावर पान्याखाली पावाच्या चार रिकाम्या पिशव्या नीट घडी घालून ठेवल्या होत्या. त्या पाहून त्याला बरं वाटलं नाही. ऑक्टोबरात त्या पिशव्या टेबलावर नसायच्या. निदान स्वच्छ तरी नसायच्या.

सरोवराकाठच्या या भागात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं आणि ते मीठ गाडीला खालून खातं. नव्याने पैसा आलेली माणसं गाडी दुकानात नेऊन खालून लेप मारून घेतात. वेनोंसारखी माणसं बर्फाआधी गाडी चढावर घेतात आणि इंजिनमधून काढलेलं जुनं तेल पिचकारीने खालच्या पत्र्यावर मारतात. आधी चारही चाकांच्या ब्रेकना, त्यांना तेल लागू नये म्हणून, पावाच्या पिशव्या बांधायच्या. मग तेल मारायचं. मग पिशव्या सोडायच्या आणि तेल ठिबकत असतानाच गाडी बंद पडलेल्या खाणीकडच्या कच्च्या रस्त्यावर जोरात पळवायची. धूळ उठते, तेलावर बसते, वाळून जाड साल होते. मग मीठ पत्र्याला लागत नाही. कार्ल लहानपणी मागच्या सीटवर बसून त्या फेरीला जायचा. रस्त्याच्या टोकाशी वडील दोन-तीनदा करकचून ब्रेक दाबायचे आणि दर वेळी गाडीलाच विचारायचे, "ऐकतेस ना?" गाडी जागच्या जागी उभी राहायची. मग म्हणायचे, "ऐकते. चला घरी."

कार्लने जॅक लावला, आधार ठेवले आणि पुठ्ठ्यावर पाठ टेकून आत सरकला.

पत्रा चांगला होता. इतक्या जुन्या गाडीचा इतका धड पत्रा या जिल्ह्यात दुसरा नसेल. गेल्या कित्येक वर्षांची साल एकावर एक बसली होती, करडी, कोरडी, जनावराच्या पाठीसारखी. पण तिच्यावर यंदाचं तेल होतं आणि ते चमकत होतं. त्याच्यावर धूळच नव्हती. त्याने बोट लावलं. बोट काळं झालं.

हे काम बाबांचं नाही, हे त्याला लगेच कळलं. ते कसं कळलं, हे कुणी विचारलं असतं तर त्याला पटकन सांगता आलं नसतं. बापाने लावलेलं तेल असं ओलं राहत नाही, एवढंच.

तो पुढच्या चाकाकडे सरकला, टॉर्च धरला. ब्रेकच्या तबकडीची कड काळी होती. पॅडचं तोंड तेल पिऊन मऊ झालं होतं. दुसऱ्या बाजूला तेच. मागे तेच. पिचकारी सगळीकडे फिरली होती, मोकळ्या हाताने, एखाद्याने भिंतीला चुना मारावा तशी.

म्हणजे म्हातारा खरं बोलत होता. पाय चुकला नव्हता. त्याने ब्रेकच दाबला होता, आणि ब्रेक घसरला होता.

कार्ल तसाच पडून राहिला. राग होताच, पण त्याला आता धरायला काही राहिलं नव्हतं. चार दिवस ज्याच्यावर तो चिडला होता तो माणूस चाकापलीकडे उभा होता. त्याचे बूट दिसत होते, नाड्या दोनदा बांधलेल्या.

"बाबा, तेल कुणी मारलं यंदा?"

बूट हलले नाहीत.

"बाबा!"

"बाहेर ये आता. ओल लागेल पाठीला."

तेवढ्यात रस्त्यावरून ड्वाइट ट्रेव्हरोचा ट्रक आत वळला. मेव्हणा उतरला, त्याच्या मागून एलेन, हातात झाकण लावलेलं भांडं. एलेनने वडिलांच्या गालाला गाल लावला आणि भांडं घेऊन घरात गेली. ड्वाइट खिशात हात घालून गाडीकडे आला.

"काय म्हणतेय आगगाडी? झाली का तपासणी?"

"चाललीय," कार्ल गाडीखालून म्हणाला.

"तपासायचंय काय एवढं त्यात? चालवणारा तपासायला हवा." ड्वाइट हसला. मग म्हाताऱ्यांकडे वळला. "वाईट वाटून घेऊ नका हं. मी तोंडावर बोलणारा माणूस. इंपी वाचली म्हणून आज आपण हसतोय. नाहीतर मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"तुला?" कार्ल म्हणाला.

"मला नाही तर कुणाला? इथलं सगळं मीच बघतो. तू तिकडे तासाभराच्या रस्त्यावर. बर्फ कोण काढतं? लाकडं कोण फोडून देतं? आता ह्याच गाडीचं घे. शनिवारी अर्धा दिवस मी हिच्याखाली पाठीवर पडलो होतो. यांना वाकता येत नाही म्हणून सगळं तेल मीच मारलं. एक इंच जागा सोडली नाही, बघ हवं तर. टीव्हीवरच्या सामन्याची सुरुवात चुकली माझी त्यापायी. आणि दुसऱ्याच दिवशी यांनी ती भिंतीवर नेऊन घातली!"

कार्ल गाडीखालून बाहेर आला. उठून उभा राहिला. हातातल्या टॉर्चचं टोक, बोटं, मनगट, सगळं काळं होतं.

"एक इंच सोडला नाहीस?"

"एक इंच नाही."

"इकडे ये जरा. वाक. तुला एक गंमत दाखवतो."

"कार्ल." वेनोंचा आवाज मोठा नव्हता. त्यांनी मुलाची बाही धरली होती, तेलाची पर्वा न करता. "एलेनने कॉफी ठेवली असेल. ड्वाइट, आत जाऊन तिला सांग, माझी कॉफी काळी. ती हल्ली दूध घालते."

"मी काय पोऱ्या आहे का तुमचा?"

"नाहीस. जावई आहेस. म्हणून सांगतोय."

ड्वाइटने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, खांदे उडवले आणि घराकडे निघाला. जाळीचं दार आपटलं.

"सोडा मला," कार्ल म्हणाला. "त्याची मान धरून त्याला त्या चाकाखाली घालतो आणि दाखवतो. चार दिवस तो गावभर सांगतोय, म्हाताऱ्याला पॅडल कळत नाही. आणि तुम्ही! तुम्हाला माहीत होतं?"

"रविवारी घरी आलो तेव्हा पिशव्या दिसल्या. मीच काढून ठेवल्या होत्या त्याच्यासाठी. टेबलावरच राहिल्या."

"आणि बोलला नाहीत? शेरीफच्या माणसाने पाठ थोपटली, तरी? मी फोनवर तुम्हाला काय काय बोललो, तरी?"

"तू बरंच बोललास."

"बाबा, माझ्याकडे पुरावा आहे. मी आत्ता फोटो काढतो. हे काम मी रोज करतो, माझ्या शब्दाला तिथे किंमत आहे. परवाना राहील तुमचा. गाडी राहील. पॅड बदलले की झालं. तुम्ही इथे, तुमच्या घरात राहाल. कळतंय का मी काय म्हणतोय?"

वेनोंनी बाही सोडली. पुढच्या मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले.

"शनिवारी तो गेल्यावर पाऊस आला," ते म्हणाले. "धूळ नव्हती. म्हटलं सोमवारी नेऊ खाणीच्या रस्त्यावर. रविवारी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी ब्रेक दाबला तर ती थोडी पुढे गेली. पांढऱ्या पट्टीच्या पुढे. मला जाणवलं ते पायाला."

"मग?"

"म्हटलं, ओली पानं असतील. उशीर झाला होता. पुढे निघालो. तेल लावल्यावर मी तिला विचारल्याशिवाय कधी गावात नेली नाही. चाळीस वर्षांत नाही. यंदा विसरलो. तिने स्वतःहून सांगितलं, तरी ऐकलं नाही."

"पण तेल त्याने मारलं!"

"तेल त्याने मारलं. गाडी मी चालवत होतो."

"हे असलं मोठेपण मला नका सांगू. लोक तुम्हाला भ्रमिष्ट म्हणताहेत."

"म्हणू दे की. खुर्ची कुणाच्या बंपरला लागली?" म्हाताऱ्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मोठेपण नाही हे, गाढवा. उद्या तू त्याला चार माणसांत खोटा पाडशील आणि गाडीत बसून तासाभराच्या रस्त्यावर निघून जाशील. तो कुठे जाईल? एलेनच्या स्वयंपाकघरात. त्याचं चुकलं की तो ते कुणावर काढतो, तुला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. आणि जानेवारीत माझ्या दारात बर्फ छातीपर्यंत येतो. तो ढकलायला तू येणार आहेस?"

कार्ल येणार नव्हता. येतो म्हणाला असता तर फार तर दोनदा आला असता.

"म्हणून गप्प राहायचं?"

"पाठीवर पडला तो माझ्यासाठी. थंडीत. तेवढं मनात ठेव. अर्धं काम चुकलं त्याचं, पण आपणहून आला होता."

कार्लने मागच्या टायरला लाथ मारली. टायरला काही झालं नाही. त्याच्या अंगठ्यातून कळ आली आणि त्याने आणखी एक शिवी घातली, नेमकी कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"झालं?" वेनोंनी विचारलं. "आता बोल. काय देशील हिचे?"

"नाही बोलणार."

"तुझा धंदा आहे. गिऱ्हाईक उभं आहे दारात."

कार्लने हात चिंधीला पुसले. मग दुकानात बोलायचा त्याच आवाजात, गाडीकडे बघत म्हणाला, "पत्रा पहिल्या दर्जाचा. इंजिन साफ. समोरचा दिवा आणि बंपर गेलेला. कोपऱ्यावर ओरखडा. ब्रेक नवे लागतील. पण असल्या लांब गाड्या आता कुणी मागत नाही. म्हातारी माणसंच घेतात, आणि म्हातारी माणसं…"

"बोल की. म्हातारी माणसं संपत चाललीत."

"अकराशे डॉलर."

"टपालपेटीचे किती कापलेस?"

"शंभर."

"जास्त कापलेस." वेनोंनी कोपर उचललं, खिशातून किल्ली काढली. ती लगेच दिली नाही. तळहातावर धरून तिचं वजन बघितल्यासारखं केलं. "ब्रेक बदलल्याशिवाय कुणाला देऊ नकोस. दुकानात सांगून ठेव. आणि किमतीचा कागद लिहिशील त्यात कारण लिहू नकोस. ब्रेक खराब, एवढंच लिही."

कार्लने किल्ली घेतली. ती अंगच्या उबेने कोमट झाली होती.

"परीक्षेचं पत्र आलं तर?"

"जाणार नाही. डोळ्यांचं त्यांना कळेल, पायांचं कळेल. तिचं ऐकणारा कान गेला ते त्यांना कसं कळणार? ते मलाच कळतंय." त्यांनी टोपी नीट केली. "मला इंपीकडे सोड. चार दिवस झाले, मी तिच्या दारात गेलो नाही. गाडीने केलं, गाडीने केलं म्हणत बसलो."

"तुम्ही गाडीने केलं असं कधीच म्हणाला नाहीत."

"मनात म्हणत होतो."

घरातून ड्वाइटचा आवाज आला, कॉफी थंड होतेय, नंतर बोंबलू नका म्हणून. एलेन जाळीच्या दारात येऊन उभी राहिली. कार्लच्या मुठीत किल्ली पाहिली तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला आणि आत वळली. ड्वाइट तिच्या मागून डोकावला.

"दिली? शाबास. मला वाटलं होतं, ओढून घ्यावी लागेल." तो खरंच खूश दिसत होता. "बरं केलंत. लागेल तिथे मी नेईन. हाक मारा फक्त."

कार्लच्या हातातली चिंधी पिळली गेली. वेनो म्हणाले, "मारीन हाक. तेलाबद्दल आभार मानायचे राहिलेच होते, ड्वाइट."

"अहो, त्यात काय!" ड्वाइट म्हणाला.

कॉफी झाल्यावर कार्लने वडिलांना आपल्या पिकअपमध्ये बसवलं, उजवीकडे, खिडकीशी. त्या सीटचा पट्टा कुठे अडकवायचा ते त्यांना सापडेना. कार्लने अडकवून दिला, तेव्हा त्यांनी या खेपेला कोपर मारलं नाही. गाडी फाटकाबाहेर पडली. मागे अंगणात ब्युइक जॅकवर तशीच होती, पुढचं एक चाक हवेत.

 कार्लच्या डोक्यात अजून ड्वाइट हसत होता आणि स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. त्या रागात तो वेगात चालवत होता, इतका की मोठ्या रस्त्याचं तोंड जवळ आलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. थांबायची लाल पाटी दिसली. ओली पानं होती तिथे, खरंच होती.

शेजारी काहीतरी हललं म्हणून त्याने पाहिलं. वडिलांचा उजवा बूट समोरच्या मोकळ्या पत्र्यावर, जिथे कुठलंच पॅडल नव्हतं तिथे, हळूहळू आणि ठामपणे दाबला जात होता. मग कार्लने ब्रेक लावला. गाडी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे थांबली.

वेनोंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि पाय उचलला.